जंताचं औषध लागू पडतंय का? मेंढीच्या लेंडीतून पडताळा

जत, आटपाडी, माण भागात औषध पाजल्यावर लेंडीत जंत दिसले की औषध लागू झालं असं धरतात. हा पुरावा चालत नाही. भाताच्या शितासारखे दिसतात ते पट्टकृमीचे तुकडे. रक्त पिणारा हिमॉन्कस हा जंत चौथ्या पोटात असतो, त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. म्हणून अंडी मोजायची.

दोन महिन्यांत औषध न पाजलेली 20 ते 30 कोकरं घ्या, कानाला खूण करा, दोन गट पाडा. एकाला औषध, दुसरा तसाच. दुसरा गट नसेल तर हवा-चाऱ्यानं घटलेली अंडी औषधाच्या नावावर जमा होतात. पापणी आतून पांढरी पडलेलं कोकरू चाचणीत अजिबात ठेवू नका, त्याला लगेच उपचार द्या.

लेंडी जमिनीवरून उचलायची नाही. हातमोजा घालून गुदद्वारातून काढा, पिशवीतली हवा दाबून घालवा, बर्फाच्या डब्यात ठेवा. उन्हात राहिली तर अंडी फुटून अळ्या निघतात आणि आकडा खोटा येतो.

4 ग्रॅम लेंडी 56 मिलि मिठाच्या पाण्यात कालवा (मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घातलेलं), चहाच्या गाळणीतून गाळा. ढवळता ढवळताच ड्रॉपरनं मॅकमास्टर काचपट्टीचे (अंडी मोजायची दोन कप्प्यांची पट्टी) दोन्ही कप्पे भरा. बुडबुडा आला तर पुन्हा भरा. 5 मिनिटांनी मोजा. दोन्ही कप्प्यांतली अंडी गुणिले 50, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. तासाभरापेक्षा उशीर झाला की मिठानं अंडी आकसतात. कॉक्सिडियाचे (हा जंत नाही, वेगळा सूक्ष्म परजीवी) बारीक गोळे यात धरू नका. औषध देण्याआधीच्या मोजणीत सरासरी ग्रॅमला 150 च्या खाली असेल तर चाचणी घेऊन उपयोग नाही.

सगळ्यात जास्त चुकतो तो डोस. माडग्याळ मेंढी मोठ्या हाडाची, नजरेचा अंदाज हमखास कमी पडतो. टांगत्या काट्यावर वजन करा. अल्बेंडाझोल किलोला 7.5 मिलिग्रॅम धरलं तर 2.5 टक्क्यांच्या औषधाचे 20 किलोला 6 मिलि होतात. बाटली नीट हलवा, औषध तळाशी बसतं. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको. शेळीच्या अंगातून औषध लवकर निघून जातं, मेंढीचा डोस तिला पुरत नाही; तो पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

दोन्ही गटांची दुसरी मोजणी लेव्हामिझोलनंतर 3 ते 7, अल्बेंडाझोलनंतर 8 ते 10, आयव्हरमेक्टिननंतर 14 ते 17 दिवसांनी. घाई केली तर फसगत होते: वाचलेली मादी काही दिवस अंडी घालायची थांबते, मग पुन्हा सुरू करते.

औषध दिलेल्या गटाची सरासरी 120 आणि न दिलेल्याची 800 आली, तर घट 85 टक्के. डोस चोख असूनही घट 95 च्या खाली असेल, तर जंत त्या औषधाला दाद देत नाहीत असं समजा. तेव्हा नुसता ब्रँड बदलू नका. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच घराण्यातली, एक फसलं तिथं दुसरंही बहुधा फसतं.