लंबकाचा दोलनकाल काढताना या चुका टाळा

परभणीकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. लंबकाच्या तासाला पोरं वही घेऊन आली की मी दोलनकाल, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, आधी बघतच नाही. त्यावरून काढलेली ‘जी’ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची किंमत बघतो. चूक कुठं झाली ते तीच सांगते.

सूत्र सोपं आहे: दोलनकाल = २ × ३.१४ × √(लांबी ÷ जी). लांबी एक मीटर असेल तर सुमारे २.०१ सेकंद. मराठवाड्यात जी साधारण ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग भरतो, ९.८ धरलं तरी बिघडत नाही.

किंमत ३९ च्या आसपास आली? मग गोळा इकडून तिकडं गेला की ‘एक’ मोजलंय. ते अर्धंच दोलन. जाऊन परत आला की एक. काळ निम्मा धरला गेला आणि जी काढायला सूत्र उलटवलं की भागाकारात त्याचा वर्ग येतो, म्हणून जी चौपट.

१०.८ आली तर जरा थांबा. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि पोरांना पटतही नाही. घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हणायचं, ‘वीस’ला बंद करायचं. दोलनं झाली १९, भागलं २० नं! सुरू करताना ‘शून्य’ म्हणा. आणि मोजणी टोकाला नको, मधोमध करा. खाली खडूची रेघ ओढून ठेवा. टोकाला गोळा रेंगाळतो, बटण नेमकं कधी दाबायचं ते कळत नाही. मधून तो झटकन जातो.

९.४ येते ती लांबीमुळं. नुसता दोरा मोजू नका, टांगल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. दोन सेंटिमीटर जाडीच्या गोळ्यात एक सेंटिमीटर सुटतो. मीटरभर लांबीत तो खपून जातो, पाव मीटरला मात्र चार टक्के खातो.

सूत्रात लांबी मीटरमध्येच घाला. १ च्या जागी १०० घातले की उत्तर २० सेकंद. एवढ्या संथ झोक्याला ९९ मीटर दोर लागेल. पंचमीला लिंबाच्या झाडाला बांधतो तो तीन मीटरचा झोकासुद्धा साडेतीन सेकंदांत परत येतो.

गोळा लांब ओढून सोडायची पोरांना भारी हौस. ३० अंशांवर दोलनकाल पावणेदोन टक्के वाढतो, ६० अंशांवर सात. मीटरभर लंबक दहा सेंटिमीटर ओढला तरी पुरे. गोळा गोल फिरायला लागला तर थांबवून पुन्हा सोडा. पंखा बंद करा. आमच्याकडं लाइट गेल्यावरच हा प्रयोग चांगला होतो.

राहिली वारंवारता, म्हणजे एका सेकंदात किती दोलनं होतात ते. २० दोलनांना ४०.२ सेकंद लागले, तर ४०.२ ÷ २० = २.०१ सेकंद हा दोलनकाल आणि २० ÷ ४०.२, म्हणजे जवळपास ०.५ हर्ट्झ ही वारंवारता. भागाकार उलटा झाला की दोन्हींची अदलाबदल होते, ते नुसत्या नजरेला कळतं. मीटरभर लंबकावर अर्धं दोलन मोजणाऱ्यांना तेवढं कळत नाही: त्यांचा दोलनकालही १, वारंवारताही १.