ओला कचरा घरी जिरवताना या चुका टाळा

घरी खत करायला निघालेल्यांचा उत्साह बहुधा दोन-तीन आठवड्यांत मावळतो, कारण तोवर डब्याचे झाकण उघडवत नाही. दोष मात्र कचऱ्याचा नसतो; तो कुजण्याऐवजी सडू लागलेला असतो, आणि या दोन क्रियांमध्ये फरक हवेचा आहे. हवा खेळती असली की प्राणवायूवर जगणारे सूक्ष्मजीव कचऱ्याचे खत करतात. ती कोंडली की प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव माजतात, आणि मग मिथेनसोबत हायड्रोजन सल्फाइडही तयार होऊन नासलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी सुटते.

सुक्याची कंजुषी

बहुतेक तक्रारींचे मूळ इथे सापडते. सूक्ष्मजीवांना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण 25 ते 30 भाग लागतात; स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात कर्ब त्याहून कमी आणि पाणी भरपूर असते, तर वाळलेली पाने, फाडलेला पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा यांत नेमके उलटे असते. म्हणून ओल्याच्या प्रत्येक थरावर आकारमानाने किमान तेवढाच, शक्यतो दुप्पट, सुका थर द्यावा. ओलावा तपासायला मिश्रण मुठीत घट्ट दाबून पाहावे. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला, तर ओल योग्य आहे. पाण्याची धार लागली तर सुके मिसळून ढीग उलथावा, आणि मिश्रण भुगा होऊन गळून पडले तर पाणी शिंपडावे.

वासही निदान सांगतो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झाले आहे, त्यामुळे सुके वाढवावे. अशा वेळी घाईने चुना टाकणे ही वेगळीच चूक ठरते, कारण अल्कता वाढली की नत्र आणखी वेगाने अमोनियाच्या रूपाने उडून जाते. नासलेल्या अंड्याचा वास असेल तर ढीग मोकळा करावा आणि डब्याच्या तळाची छिद्रे बुजली आहेत का ते पाहावे. माझ्या अनुभवात ती बुजलेलीच असतात.

वर्गीकरणातील निसटत्या गोष्टी

फळांवरची चिकटपट्टी हातातून सहज सुटते आणि तयार खतात जशीच्या तशी चमकताना सापडते. चहाच्या अनेक पुड्यांमध्येही प्लास्टिकचे धागे असतात, त्यामुळे पुडी फाडून फक्त चोथा टाकावा. ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असलेल्या बहुतेक पिशव्या मोठ्या प्रकल्पांतील 55 ते 60 अंश सेल्सिअसच्या उष्णतेसाठी घडवलेल्या असतात. घरच्या डब्यात त्या महिनोन्‌महिने तशाच राहतात. छोटा ढीग तितका तापत नसल्यामुळे रोगट झाडे, तणांचे बी आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा त्यात घालू नये. मांस, दुग्धजन्य पदार्थ आणि तेलकट उष्टे यांमुळे उंदीर येतात.

घाबरून केलेले उपाय

पांढरी बुरशी आणि करड्या रंगाच्या जाड अळ्या पाहून अनेक जण कीटकनाशक फवारतात आणि चालू असलेले काम स्वतःच थांबवतात. बुरशी चिवट तंतू फोडते, आणि त्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, ज्या अन्नाचा फडशा पाडतात. चिलटांचा त्रास असेल तर ताजा कचरा सुक्या थराखाली पूर्ण झाकावा, एवढे पुरते. गांडुळे मात्र तापत्या ताज्या ढिगात सोडू नयेत. 35 अंशांपुढे ती तगत नाहीत.

घाईने काढलेले खत

वरून काळे दिसणारे खत आतून कच्चे असू शकते. मूठभर ओलसर खत पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवावे आणि मग हुंगावे. मातीचा वास आला तर ते तयार आहे. आंबट किंवा कुबट वास आला तर आणखी काही आठवडे थांबावे, कारण कच्चे खत कुंडीत घातले की त्यातील सूक्ष्मजीव मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपांची पाने पिवळी पडतात.