तलाव वाचवायला निघालात? मग या चुका टाळा

शहरातला तलाव 'सुधारायचा' म्हटलं की आधी जेसीबी येतो, सगळा गाळ उपसतात, काठाला दगडी पिचिंग करतात, मग जॉगिंग ट्रॅक आणि दिवे. आणि पुढच्या हिवाळ्यात लोक विचारतात, पाणी तर भरपूर आहे, पक्षी कुठे गेले?

अहो, काठच गेला ना! तुतवार काठच्या चिखलात चोच खुपसून किडे काढतो, शेकाट्याचे पाय एवढे लांब असले तरी त्याला वीतभर पाणीच लागतं आणि पाणकोंबडी पाणकणसात, म्हणजे काठच्या उंच गवतासारख्या झाडोऱ्यात, घरटं करते. काठ सरळ उभा कापला की तिघंही गेले, उरतात बुडी मारणारे पाणकावळे आणि टिबुकल्या. म्हणून किमान एका बाजूला तरी उतरता, चिखलाचा काठ राहू द्या, तिथे ट्रॅक नको, दिवे तर अजिबात नकोत. गाळ काढायचाच असेल तर तुकड्या-तुकड्याने आणि एप्रिल-मे मध्ये, कारण पावसाळ्यात इथल्या पक्ष्यांची घरटी असतात आणि हिवाळ्यात पाहुणे येतात.

दुसरी चूक जलपर्णीची. पुण्याच्या पाषाण तलावात रामनदीतून सांडपाणी येतं, त्या खतावर ती वाढते, मग कितीही काढा, परत येणारच, शिवाय बिया गाळात वर्षानुवर्षं टिकतात. आधी नाले अडवा, ड्रेनेजसाठी पालिकेच्या मागे लागा. आणि काढलेली जलपर्णी काठावर ढीग लावून सोडू नका प्लीज, ती कुजते आणि पहिल्याच पावसात सगळं परत तलावात जातं.

खाडीकाठी प्रॉब्लेम उलटा असतो. नवी मुंबईत नेरूळच्या डीपीएस तलावात 2024 मध्ये भरतीचं पाणी यायच्या वाटा बंद झाल्या, तलाव सुकला आणि रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगोंचे) हाल झाले. अशा ठिकाणी पाणी अचानक कमी दिसलं तर टँकर मागवायच्या आधी पाईप, मोऱ्या कुठे बुजल्यात ते भरतीच्या वेळी जाऊन बघा.

घरातली लाल कानवाली कासवं तलावात सोडू नका, इथल्या कासवांच्या जीवावर उठतात ती. पाणथळीत वृक्षारोपणही नको.

भराव दिसला तर नुसता व्हॉट्सॲपवर हळहळ फॉरवर्ड करू नका. तारखेसह फोटो, लोकेशन आणि गूगल अर्थवरचे त्याच जागेचे जुने फोटो जोडून लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.