तीन बाय चारची चौकट

चित्रासाठी तयार कॅनव्हास सगळीकडे मिळतो. पण मला हवं ते माप क्वचित मिळतं, आणि मोठ्या मापात पट्ट्या बारीक असल्या की लांब बाजू आत वाकतात. म्हणून गेली वीस वर्षं मी कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट घरीच बांधते. माझे वडील कोल्हापुरात सुतारकाम करायचे, रंधा धरायला त्यांनीच शिकवलं. आमच्या गावाला हे दोन धंदे वेगळे वाटत नाहीत. चित्रकार बाबूराव पेंटरांचं मूळ आडनावही मेस्त्रीच.

इथे 36 बाय 48 इंचांची चौकट सांगते. हे माप मुद्दाम निवडलंय, का ते पुढे कळेल.

सगळ्यात जास्त वेळ लाकडावर घालवा. दोन इंच रुंद, एक इंच जाड, दहा फुटी अशा पाईनच्या दोन पट्ट्या पुरतात. वखारीत पट्टी हातात घ्या, एक टोक डोळ्याजवळ धरा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखं दुसऱ्या टोकापर्यंत बघा. बाक थोडा असेल तर चालतो, रंध्याने निघतो. पीळ असेल तर ती पट्टी परत ठेवा, पिळाला इलाज नाही. काठावर गाठ नको, तिथे स्टेपल बसत नाही. मी एकदा जुलैत लाकूड आणलं आणि त्याच आठवड्यात चौकट बांधली. हाताला गार लागत होतं, म्हणजे ओलं होतं, तरी घाई केली. दिवाळीत चित्र भिंतीवर लावलं तर खालचा उजवा कोपरा बोटभर बाहेर. चित्र पुरं झालेलं होतं, ते उतरवून दुसऱ्या चौकटीवर ताणताना कडेचा रंग तडकला. तेव्हापासून मी लाकूड उन्हाळ्यात घेते आणि महिनाभर घरात सपाट जमिनीवर, मधे बारक्या काड्या घालून, पडू देते. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर ते कधीच पिळत नाही, पण जड असतं आणि आत मोडलेले खिळे लपलेले असतात. करवत लावण्याआधी नीट तपासा.

आता कापणी. बाहेरच्या कडेने मोजून 48 चे दोन आणि 36 चे दोन तुकडे, प्रत्येक टोकाला 45 अंशांचा तिरका काप. समोरासमोरचे तुकडे कापून झाल्यावर एकावर एक ठेवून बघा. कागदाएवढा फरक असला तरी मोठा तुकडा घासून बरोबरीत आणा. टेपवर विसंबू नका.

चारही कोपऱ्यांना फेविकॉल लावून चौकट सपाट फरशीवर जुळवा आणि कर्ण मोजा. तीन-चार-पाचचा हिशेब सुताराला पाठ असतो: बाजू तीन आणि चार फूट असतील तर कर्ण बरोबर पाच फूट, म्हणजे 60 इंच. दोन्ही कर्ण 60 आले की चौकट काटकोनात आहे. म्हणूनच हे माप शिकायला चांगलं. एक कर्ण जास्त आला तर त्याच दोन कोपऱ्यांना हलकेच आत दाबा. मग मागून प्लायचे त्रिकोण डिंक आणि स्क्रूने बसवा, बाहेरच्या कडेपासून एक इंच आत, म्हणजे कापड दुमडायला जागा राहते. रात्रभर हलवू नका.

दुसऱ्या दिवशी 48 च्या दोन बाजूंच्या मध्याला जोडणारी आडवी पट्टी. हिशेबाने ती 32 इंच येते, पण कोपऱ्याजवळचं आतलं अंतर मोजा आणि तेवढीच कापा. जरा लांब झाली तर बाजू फुगतात.

पुढची गोष्ट बरेच जण गाळतात. कापड फक्त बाहेरच्या कडेवर टेकलं पाहिजे. सपाट पट्टीवर ते पडून राहिलं तर ब्रश दाबताना आतल्या कडेची रेघ चित्रात उमटते, ती पुसता येत नाही. मी समोरच्या बाजूने, बाहेरच्या कडेला, अर्ध्या इंचाची पाव-गोल बीडिंग पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकते, गोलाई आत. वरची धार पॉलिश पेपरने मोडायची, नाहीतर ती कापड कापते.

कापड 42 बाय 54 घ्या. कॉटन डक, म्हणजे जाड विणीचं सुती कापड, सर्वात सोपं. सरावाला मांजरपाट चालेल. धागे कडेला समांतर ठेवा, तिरके गेले की एक कोपरा कायम ओढलेला राहतो. चौकट पालथी ठेवून एका लांब बाजूच्या मध्यावर एक स्टेपल, मग समोरच्या मध्यावर ओढून एक, मग उरलेल्या दोन बाजू. पतंगासारखी सुरकुती दिसली की बरोबर चाललंय. तिथून मध्याकडून कोपऱ्याकडे, दोन-दोन इंचांवर, एकदा या बाजूला, एकदा समोर. रुंद तोंडाची पकड असेल तर बोटं वाचतात. स्टेपल धाग्याला तिरका मारा, जास्त धागे पकडतो. कोपऱ्यापासून तीन इंचांवर थांबा. कोपरे शेवटी: टोक आत ओढून दाबायचं, उरलेलं कापड पाकिटासारखं दुमडायचं, घडी वरच्या आणि खालच्या बाजूला. कोपऱ्याचं कापड कापू नका, पुढे कधी उतरवून ताणायचं झालं तर ते लागतं.

कोरं कापड ढोलकीसारखं घट्ट ओढायची गरज नाही. हाताला सपाट लागलं की पुरे, कारण जेसोचा, म्हणजे रंगाआधी कापडावर द्यायच्या पांढऱ्या अस्तराचा, पहिला हात वाळताना ते स्वतःच आवळतं. खूप ओढलेलं असेल तर चौकटच पिळते. पहिला हात वाळल्यावर खिडकीशी तिरपं धरून बघा. कुठे लाट उरली असेल तर तिथले चार-पाच स्टेपल काढा, ओढा, पुन्हा मारा, आणि मगच दुसरा हात द्या.