कवटीचा तळ शिकताना: कोल्हापुरात पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

पहिल्या इंटर्नल वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी कवटी माझ्यासमोर ठेवली, वरची टोपी काढून बाजूला सारली आणि खराट्याची एक काडी हातात दिली. म्हणाले, "इंटर्नल अकूस्टिक मिएटसमधून घाल आणि बाहेर कुठं निघते ते दाखव."

कवटीच्या आतल्या बाजूचं, कानाच्या हाडातलं ते भोक मला सापडलं. त्यातून काय काय जातं तेही धडाधड सांगितलं: सातवी नर्व्ह (चेहरा हलवणारी), आठवी नर्व्ह (ऐकण्याची आणि तोलाची), लॅबिरिंथाइन आर्टरी (आतल्या कानाची रक्तवाहिनी). काडी मात्र सेंटीमीटरभर आत गेली आणि अडली. मी जोर लावायला गेले तसा सरांनी हात धरला.

"सर, हे भोक बुजलंय बहुतेक."

"बुजलेलं नाही. बुजलं असतं तर सातवी नर्व्ह चेहऱ्यावर आली असती कुठून?"

मला उत्तर आलं नाही. यादी तोंडपाठ होती, वाट माहीत नव्हती. त्या दिवशी घरी फोनवर बोलताना मी रडले, कारण आठवडाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी तीच यादी घोकत होते.

मी गडहिंग्लज तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले आणि कोल्हापुरात एमबीबीएसला आले. आज कान-नाक-घशाची डॉक्टर आहे, आणि ज्या हाडात ती काडी अडली होती त्याच हाडाशी माझं रोजचं काम असतं. यंदा एमबीबीएस, बीडीएस, फिजिओथेरपी, बीएएमएस अशा कुठल्याही कोर्सला आला असाल आणि नॉर्मा बेसालिसचा, म्हणजे कवटीच्या तळाचा, धडा उघडून पोटात गोळा आला असेल, तर हे तुमच्यासाठी.

सगळ्यात आधी कवटी हातात कशी घ्यायची ते. दोन्ही तळव्यांवर पेलायची, वाटीसारखी. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नका. तिथलं हाड कागदाएवढं पातळ असतं आणि एकदा तडकलं की पुढच्या प्रत्येक बॅचला ते मोडकंच मिळतं. टेबलावर ठेवताना खाली चुंबळ घ्या. आमच्या आज्या डोक्यावर घागर घेताना करायच्या तशीच, जुन्या ओढणीची. नुसत्या फरशीवर ठेवली की स्टायलॉइड प्रोसेस, म्हणजे कानाखालचं सुईसारखं टोक, मोडते आणि तिच्यामागचं स्टायलोमॅस्टॉइड फोरॅमेन (फोरॅमेन म्हणजे भोक) शोधायची खूणच जाते. शिवाय खरी कवटी असेल तर ते कुणाचं तरी डोकं आहे. ज्याने किंवा ज्याच्या घरच्यांनी देह दिला, त्यांच्याविषयी मनात आदर असला की हात आपोआप हळू होतो.

मग ती सरळ धरायला शिका. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. याला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात, १८८४ साली फ्रँकफर्टला ठरलेली. वायवात निम्मा गोंधळ इथेच होतो. कवटी उलटी धरली की डावं-उजवं फिरतं आणि येत असलेलं उत्तरही चुकतं.

नावांना घाबरायचं कारण नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की इंग्रजी माध्यमवाल्यांना ती कळतात. त्यांनाही कळत नाहीत, ती लॅटिन आणि ग्रीक आहेत. मी वहीच्या शेवटच्या पानावर अर्थ लिहायला लागले आणि निम्मं ओझं उतरलं. तळाच्या भोकांपैकी रोटंडम म्हणजे गोल. ओव्हेल म्हणजे अंड्यासारखं. स्पायनोसम म्हणजे काट्याचं, आणि खरंच त्याच्या शेजारी स्फिनॉइडचा, म्हणजे तळाच्या मधल्या पंखवाल्या हाडाचा, काटा असतो. लॅसरम म्हणजे फाटलेलं. कडा बघा, फाटक्या कापडासारख्याच. क्रिब्रिफॉर्म म्हणजे चाळणीसारखी, क्रिस्टा गॅली म्हणजे कोंबड्याचा तुरा, सेला टर्सिका म्हणजे तुर्की खोगीर. पेट्रस, म्हणजे कानाचं हाड, दगडासारखं. ही नावं ठेवणाऱ्यांनी जे पाहिलं तेच सांगितलंय. तुम्हीही आधी बघा, मग नाव घ्या.

टोपी काढून आत बघितलं की तळ सपाट दिसत नाही. पंचगंगेच्या घाटाला पायऱ्या असतात तशा तीन पायऱ्या पुढून मागे उतरत जातात. पहिलीवर मेंदूचा फ्रंटल लोब टेकतो, दुसरीवर दोन बाजूंना टेंपोरल लोब, सगळ्यात खालच्या खोलगट पायरीत सेरेबेलम (लहान मेंदू) आणि ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ). प्रत्येक भोक कुठल्या पायरीवर आहे एवढं डोळे मिटून सांगता आलं की पाया झाला.

पण मला हे सगळं खरं कळलं ते एका पावसाळी रात्री. लाईट गेली होती, इन्व्हर्टरही संपला होता. रूममेटनं मोबाइलचा टॉर्च कवटीच्या आत ठेवला आणि मी खालून बघितलं. अंधारात फोरॅमेन मॅग्नम, तळातलं सगळ्यात मोठं भोक, मोठ्या दिव्यासारखं उजळलं, ते अपेक्षितच होतं. त्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ओव्हेल आणि त्यामागे, जरा बाहेरच्या अंगाला, स्पायनोसमचा बारीक ठिपका. जुग्युलर फोरॅमेनमधून तिरपा उजेड. डोळ्यांच्या खोबणींचं छत तर भोक नसतानाही गुलाबी-पिवळं झिरपत होतं, इतकं ते पातळ. पुढे नाकाच्या छताशी क्रिब्रिफॉर्म प्लेटची चाळण: बारीक-बारीक उजेडाचे कण, आई पीठ चाळताना खिडकीतून दिसायचे तसे. त्यातूनच वासाच्या नर्व्हचे धागे खाली नाकात उतरतात.

आणि काही ठिकाणी अंधारच. स्टायलोमॅस्टॉइड काळं. कॅरोटिड कॅनॉलमधून, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड आर्टरीच्या वाटेतून, थेट उजेड नाही. रोटंडम तर खालून दिसतच नाही, कारण ते खाली उघडत नाही. ते पुढे, वरच्या जबड्यामागच्या टेरिगोपॅलटाइन फॉसा नावाच्या खळग्यात उघडतं. जिथून उजेड सरळ येत नाही तिथे वाट वळलेली आहे, आणि परीक्षक विचारतात ते तिथलंच. ही युक्ती तुम्ही जरूर करून बघा. प्लास्टिकच्या मॉडेलवर बारीक भोकं बऱ्याचदा नीट पाडलेली नसतात, त्यामुळे शक्य असेल तर डिसेक्शन हॉलमध्ये खऱ्या हाडावर, मॅडमना विचारून.

आता ती अडलेली काडी. प्रत्येक वाटेला दोन तोंडं असतात, आतलं आणि बाहेरचं, आणि मधला रस्ता. पुस्तकातला तक्ता एकेका तोंडाचं नाव देतो. रस्ता आपल्याला जोडायचा असतो. सातवी नर्व्ह इंटर्नल अकूस्टिक मिएटसमधून पेट्रस हाडात शिरते. थोडं पुढे गेल्यावर जेनिक्युलेट गँगलियन नावाच्या गाठीपाशी एकदम मागे वळते, मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरून जाते, मग पुन्हा वळून सरळ खाली उतरते आणि स्टायलॉइड व मॅस्टॉइड यांच्या मधून, स्टायलोमॅस्टॉइड फोरॅमेनमधून बाहेर पडते. मिएटसच्या तळापासून बाहेर पडेपर्यंत हाडातला हा प्रवास सुमारे ३ सेंटीमीटरचा. त्यात दोन वळणं. खराट्याची काडी कशी जाणार?

या ३ सेंटीमीटरमध्ये तिला तीन फाटे फुटतात. पहिल्या वळणाशी ग्रेटर पेट्रोसल, डोळ्यातल्या पाण्यासाठी. खाली उतरताना स्टेपेडियसची फांदी, मोठा आवाज कानाला सोसावा म्हणून. आणि बाहेर पडायच्या थोडं आधी कॉर्डा टिंपनाय, जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाच्या चवीसाठी. आता तोंड वाकडं झालेला पेशंट डोळ्यांसमोर आणा. चव शाबूत, आवाज नेहमीसारखे, फक्त चेहरा हलत नाही, तर इजा फोरॅमेनपाशी किंवा त्याच्या बाहेर. चवही गेली तर जरा वर. भांडं पडल्याचा आवाजही टोचतो म्हणत असेल तर आणखी वर. डोळा कोरडा पडला तर वळणापर्यंत जा. ऐकूही येत नसेल तर पार मिएटसपर्यंत. पुस्तकातल्याइतकं चोख प्रत्येक पेशंटमध्ये जुळत नाही, पण मी आजही ओपीडीत पेशंटला "कपाळाला आठ्या घाला, डोळे गच्च मिटा, गाल फुगवा, चहाची चव लागते का?" असं विचारते, तेव्हा मनात त्याच बोगद्यातून उलटी चालत असते.

स्फिनॉइडच्या मोठ्या पंखावरची भोकं एका कमानीत येतात: पुढे सुपीरियर ऑर्बिटल फिशर, मग रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम. चेहऱ्याच्या संवेदनेच्या पाचव्या नर्व्हच्या, ट्रायजेमिनलच्या, तिन्ही फांद्या याच क्रमाने बाहेर पडतात: ऑफ्थॅल्मिक फिशरमधून, मॅक्सिलरी रोटंडममधून, मँडिब्युलर ओव्हेलमधून. फिशरमधून डोळा हलवणाऱ्या तिसरी, चौथी, सहावी याही जातात. दुसरी, दृष्टीची नर्व्ह मात्र शेजारच्या ऑप्टिक कॅनॉलमधून, ऑफ्थॅल्मिक आर्टरीला घेऊन. स्पायनोसममधून मिडल मेनिंजियल आर्टरी, मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी, वर येते. तिची हाडावरची खोबण नखानं चाचपत जा. नख कानशिलाच्या आतल्या बाजूला, टेरिऑनपाशी पोचेल, जिथे चार हाडं मिळतात आणि कवटी पातळ असते. टू-व्हीलरवरून पडून तिथे मार बसला की ही आर्टरी फाटू शकते. पोरगं शुद्धीवर येतं, बोलतं, पाणी मागतं, घरचे निर्धास्त होतात, आणि काही तासांत ते पुन्हा बेशुद्ध पडतं. हेल्मेटचा विषय निघाला की मी गप्प बसू शकत नाही ते या खोबणीमुळे.

लॅसरमवर वायवात हमखास प्रश्न येतो: "इंटर्नल कॅरोटिड लॅसरममधून जाते का?" उत्तर नीट द्या. जिवंत माणसात या भोकाचा खालचा भाग कूर्चेनं भरलेला असतो. कॅरोटिड खालून कॅरोटिड कॅनॉलमध्ये शिरते, आडवी होते आणि लॅसरमच्या वरून पुढे सरकते. परीख पुलावरून रेल्वे जाते, पुलाखालच्या रस्त्यानं नाही, तसं. आरपार जातात त्या बारीक शिरा आणि असेंडिंग फॅरिंजियल आर्टरीची मेनिंजियल फांदी.

जुग्युलरमधून नववी, दहावी, अकरावी या नर्व्ह आणि सिग्मॉइड सायनस (मेंदूतलं रक्त परत नेणारी वाट), जो खाली इंटर्नल जुग्युलर व्हेन होतो. गिळणं, आवाज, खांदा उचलणं हे तिन्ही एकदम बिघडलं तर याच तोंडाकडे बघायचं. जीभ हलवणारी बारावी तिच्या स्वतःच्या हायपोग्लॉसल कॅनॉलमधून जाते. ती दुखावली तर बाहेर काढलेली जीभ दुखावलेल्या बाजूला वळते.

आता एक प्रसंग सांगते, कारण पहिल्या वर्षाचं हाड मला इंटर्नशिपमध्ये पुन्हा भेटलं. रात्रीची कॅज्युअल्टी. हायवेवर पडलेला एक पेशंट, अर्धवट शुद्धीत, उलट्या होत होत्या. पोट रिकामं करायला मी राइल्स ट्यूब, नाकातून पोटात घालायची नळी, घेतली, जेली लावली, नाकाशी नेली. मागून सीनियर रेसिडेंटनं मनगट धरलं.

"थांब. डोळं बघितलंस काय त्याचं? नाकातनं काय येतंय?"

दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं चढायला लागलं होतं. नाकातून रक्तमिश्रित पातळ पाणी ठिबकत होतं. कवटीच्या पुढच्या पायरीला तडा असेल तर ती चाळण फुटलेली असू शकते, आणि नाकातून सारलेली ट्यूब थेट मेंदूत जाऊ शकते. ट्यूब मग तोंडातून घातली. हात कापत होते. टॉर्चच्या उजेडात पाहिलेली ती चाळण डोळ्यांसमोरून हलेना. कानामागचा काळानिळा डाग, ज्याला बॅटल्स साइन म्हणतात, तोही तळाच्या फ्रॅक्चरची खूण, पण तो बहुधा एक-दोन दिवसांनी उमटतो. पहिल्या तासात दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

अभ्यासाचं म्हणाल तर एका बैठकीत सगळी भोकं करू नका. मी पुढच्या वेळी आठ दिवस घेतले. रोज दोन-तीनच वाटा, प्रत्येकीत काडी घालून, अडली तर जोर न लावता का अडली ते शोधून. रूममेटला कवटी उलटी धरायला सांगायची आणि तिनं बोट ठेवलं की मी पायरी, प्रवासी, दुसरं तोंड, आणि तिथे दुखापत झाली तर पेशंट काय तक्रार घेऊन येईल, एवढ्या चार गोष्टी बोलायच्या. मोठ्यानं, मराठीतच. परीक्षेत इंग्रजीत सांगावं लागतं हे खरं, पण मराठीत वाट कळली की इंग्रजी शब्द तिच्यावर आपसूक बसतात.

फायनल प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक मॅडमनी तीच काडी पुढे केली. मी ती मिएटसपाशी नेली आणि म्हणाले, "मॅडम, इथून सरळ जाणार नाही," आणि कवटी दोन्ही हातांवर उलटी करून स्टायलोमॅस्टॉइडवर बोट ठेवलं.