नाताळचा तारा घरी करताना: 23 चा आकडा लक्षात ठेवा

दिवाळीच्या कंदिलाचा पतंगी कागद उरला असेल तर टाकू नका. डिसेंबरात वसईत, गोव्यात दारोदारी जो पाच टोकांचा तारा लागतो, तो याच सामानातून होतो. येशूच्या जन्मानंतर त्याला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागींना, म्हणजे ज्ञानी लोकांना, बेथलेहेमची वाट दाखवणारा तो हा तारा. बाजारात घडीचा तयार मिळतो, पण कामट्यांच्या ताऱ्याला जे पोट असतं ते त्याला नाही.

सामान: बांबूच्या 60 सेंटीमीटरच्या 10 कामट्या, 10 सेंटीमीटरचे जरा जाड 5 तुकडे, दोरा, पतंगी कागदाचे तीन ताव, मैद्याची खळ. कामट्या सारख्याच जाडीच्या हव्यात आणि वाकवल्यावर मोडायला नकोत.

प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 23 सेंटीमीटरवर पेन्सिलीनं खूण करा. मध्ये 14 उरतात. सगळी मेख इथंच आहे. मी पहिल्या वर्षी नुसत्या अंदाजानं बांधला आणि लंगडा तारा दारात टांगला.

आता पेन न उचलता चांदणी काढतो, तशा पाच कामट्या जमिनीवर मांडा. एक वरून, एक खालून अशा गुंफा. टोकं सैल बांधा, खुणेवर खूण आणा, मगच गाठी आवळा. आधी आवळल्यात तर सगळं सोडावं लागेल. अशीच दुसरी चांदणी करा.

दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं जोडा. छोट्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना खाच पाडा आणि आतल्या पाच फुल्यांपाशी दोन चांदण्यांच्या मध्ये एकेक उभा अडकवून बांधा. पाचवा बसला की कामट्या ताणून तारा टम्म फुगतो.

कागद लावताना घाई नको. पुढून पाच त्रिकोण आणि एक पंचकोन, मागूनही तसेच, कडांना दहा अरुंद त्रिकोण. मागचा पंचकोन मात्र उघडाच ठेवा, दिवा तिथून आत जाईल. माप सांगाड्यावरच घ्या, दीड सेंटीमीटर जास्त कापा आणि ती कड कामटीवर दुमडून चिकटवा. खळ पातळ आणि थोडीच लावा. जास्त झाली की कागद भिजून हातातच फाटतो. टोकांना झिरमिळ्या हव्या असल्या तर आताच लावा.

दिवा एलईडीचाच, तीन-चार वॉटचा. जुना पिवळा बल्ब तापतो, कागद पेट घेऊ शकतो. वायर सांगाड्याला बांधा, बल्ब कागदाला टेकू देऊ नका.

तारा पडवीत किंवा छपराखाली टांगा, उघड्यावर दवानं खळ सुटते. 6 जानेवारीच्या तीन राजांच्या, म्हणजे त्याच मागींच्या, सणानंतर उतरवून कागद काढा आणि सांगाडा माळ्यावर टाका. पुढच्या डिसेंबरात फक्त कागदाचं काम उरेल.