तयार ठोकळ्यांची फायरप्लेस घरात कशी बसवावी

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात घर बांधताना फायरप्लेस हवीशी वाटते ती थंडीपेक्षा पावसासाठी. जुलैत भिंतींना ओल फुटते, कपडे वाळत नाहीत. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्या. उघड्या फायरप्लेसची बरीचशी ऊब चिमणीतून वर जाते. एक खोली सुकी आणि उबदार राहील, अख्खं घर नाही.

तयार ठोकळ्यांच्या संचात तळाचे तुकडे, बाजूच्या दोन भिंती, वरच्या बाजूला पुढे झुकलेली मागची भिंत, लिंटेल (तोंडावरची आडवी तुळई), धूर गोळा करणारा दोन भागांचा घुमट, डॅम्पर (धुराची वाट उघडणारी-बंद करणारी झडप), चिमणीचे ठोकळे आणि टोपी येते. भट्टीचा, म्हणजे आग पेटते तो, भाग दोन माणसं एका दिवसात उभा करू शकतात. पण संच घेतला म्हणजे काम संपलं असं नाही. फायरप्लेस बिघडते ती पायाच्या आणि छपराच्या कामात, आणि ही दोन्ही कामं तुमच्या गवंड्याचीच असतात.

विकत घेण्याआधी

ठोकळे कशाचे आहेत ते विचारा. साध्या सिमेंटचं काँक्रीट साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे आतून सुटू लागतं. कंपाउंडचे खांब ओतणाऱ्याकडून भट्टीच्या भिंती करून घेतल्या, तर पहिल्याच मोसमात पापुद्रे निघतील. आगीला भिडणारा भाग हाय-अल्युमिना सिमेंटच्या कास्टेबलचाच (साच्यात ओतायच्या उष्णतारोधक मालाचाच) हवा, किंवा आतून फायर ब्रिकचं, म्हणजे आग सोसणाऱ्या विटांचं अस्तर हवं. बेळगावकरांना हे शोधायला लांब जायला नको. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांना हाच माल रोज लागतो. लोखंडी जाळी आणि डॅम्परही तिथे ओतून मिळू शकतात.

मग माप. भट्टीचं तोंड ३० इंच रुंद आणि २४ इंच उंच धरलं, तर क्षेत्रफळ ७२० चौरस इंच. चिमणीची नळी गोल असेल तर तिचं आतलं क्षेत्रफळ याच्या निदान बाराव्या हिस्स्याइतकं, म्हणजे ६० चौरस इंच हवं. ९ इंच व्यासाची नळी त्याला पुरते. चौकोनी नळीला दहावा हिस्सा धरा, कारण कोपऱ्यांतून धूर नीट वाहत नाही. भट्टीच्या तळापासून चिमणीची उंची १५ फुटांहून कमी राहणार असेल, तर आठवा हिस्सा. एकमजली कौलारू घरात बहुतेक हीच वेळ येते, आणि मग ११ इंची नळी लागते. तोंड मोठं आणि नळी बारीक असली की धूर खोलीत येणारच.

पाया

बाहेरचं चिऱ्याचं बांधकाम धरून वजन सहज दोन टनांच्या पुढे जातं. ते घराच्या फरशीवर किंवा कोब्यावर टाकू नका. वरच्या मजल्यावर करायची असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही ठोकळा चढवू नका. पाया स्वतंत्र, १२ इंच जाड आणि बांधकामाच्या चारही बाजूंना ६ इंच बाहेर असा ओता. बांधकामाचा तळ साडेचार बाय साडेतीन फूट असेल, तर पाया साडेपाच बाय साडेचार होतो. १:१.५:३ प्रमाणाला सिमेंटची ६ पोती, सुमारे ११ घनफूट एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) आणि २१ घनफूट खडी लागते. सळई १० मिलिमीटरची, दोन्ही दिशांनी ८ इंचांवर.

खानापूरकडच्या तांबड्या, जांभ्याच्या जमिनीत कठीण थर लवकर लागतो. बैलहोंगल किंवा निपाणीकडच्या काळ्या मातीत तसं नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिथे मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर चिमणी घरापासून सुटून कलते आणि छपराशी फट पडते. पायावर निदान सात दिवस पाणी मारा.

जोडणी

सगळे ठोकळे आधी मसाल्याशिवाय रचून बघा, खडूने नंबर घाला आणि मग उतरवा. वाहतुकीत कोपरा उडालेला तुकडा आत्ताच बाजूला काढता येतो.

तळाचा थर दोन्ही दिशांनी लेव्हलमध्ये घ्या. इथला एक सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) फरक वर चिमणीच्या टोकाला इंचांत दिसतो. जोडासाठी संचाबरोबर आलेला उष्णतारोधक मसालाच वापरा आणि तो थोडाथोडा कालवा. ठोकळ्याची कड ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कोरडी कड मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि जोड भुसभुशीत होतो. मसाला एक सुताचा पुरे. गवंड्याचा हात अर्ध्या इंचाच्या जोडाला सरावलेला असतो, त्याला इथे आवरावं लागतं. जाड जोड आधी तडकतो. घुमटाच्या आत ओघळलेला मसाला तेव्हाच करणीने काढून आतली बाजू गुळगुळीत करा. खडबडीत कडांना धूर अडतो आणि काजळी धरते.

डॅम्परची चौकट मसाल्यात गच्च बसवू नका. लोखंड तापल्यावर ठोकळ्यापेक्षा जास्त पसरतं आणि जागा नसेल तर लिंटेलच फोडतं. चौकट खाचेत मोकळी ठेवून भोवती सिरॅमिक फायबरची दोरी भरा. भट्टी आणि बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीमध्येही तसंच एक इंच अंतर सोडून सिरॅमिक फायबरची चादर घाला. ही फट उरलेल्या मसाल्याने भरून टाकण्याचा मोह गवंड्यांना फार होतो. दर्शनी चिऱ्यावर उभी भेग दिसली तर बहुधा कारण हेच.

भट्टीसमोर १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच न जळणारी फरशी हवी. तोंडाच्या कडेपासून ६ इंचांच्या आत लाकडी चौकट नको.

चिमणी आणि छप्पर

प्रत्येक ठोकळ्याला ओळंबा लावा. आतली नळी खोबणीची (एका टोकाला पुढचा तुकडा बसायला खाच असलेली) असेल तर खोबण वरच्या तोंडाला ठेवावी, म्हणजे आत साचलेली ओल जोडातून बाहेर न झिरपता आतूनच खाली येते. चुलीला वापरतात तो ॲस्बेस्टॉसचा पाइप इथे नको, जास्त तापला की फुटतो.

वासा, रीप आणि चिमणी यांच्यात दोन इंच मोकळी जागा सोडा. मध्ये येणारा वासा कापला, तर आडवा वासा टाकून भार शेजारच्या दोन वाशांवर द्या. चिमणी आढ्याजवळून काढलेली बरी. उतारावर खाली काढली तर कणकुंबीसारख्या पावसात तिच्या मागे पाण्याचा लोट अडतो. ३० इंचांहून रुंद चिमणीच्या मागे पाणी दोन्हीकडे फोडणारा छोटा उतार लागतोच. पत्रा वरच्या बाजूला कौलांखाली आणि खालच्या बाजूला कौलांवर यायला हवा, आणि त्याची वरची कड चिमणीच्या सांध्यात एक इंच खोचलेली असावी. नुसतं डांबर फासलं तर एक पावसाळाही टिकत नाही.

छपरातून बाहेर पडते तिथून चिमणी किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या आतल्या सगळ्यापेक्षा २ फूट उंच हवी. आढ्याखाली राहिली तर वारा धूर परत आत ढकलतो. चिरा पाणी पितो, म्हणून छपरावरचा भाग उघडा न ठेवता गिलावा करा. टोपीला बाहेर उतार द्या आणि पक्षी घरटं करू नयेत म्हणून जाळी बसवा.

पहिली आग

काम फेब्रुवारी ते मे या काळात करा. मसाल्याच्या पोत्यावर लिहिलेले दिवस पूर्ण जाऊ द्या. मग पहिल्या दिवशी नुसते कागद आणि काटक्या, आणि पुढचे चार-पाच दिवस थोडीथोडी वाढवत आग. पहिल्याच दिवशी ओंडके पेटवले तर ठोकळ्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. केसासारख्या बारीक रेषा पडल्या तर घाबरू नका. नाणं शिरेल एवढी भेग मात्र भरून घ्यावी लागते.

धूर आत येतोय? आधी डॅम्पर पाहा, मग एक खिडकी दोन इंच उघडा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर तो चिमणीतूनच हवा ओढत असतो. गार चिमणीत पेटता कागद क्षणभर वर धरला की ओढ सुरू होते. एवढं करूनही धूर येत असेल, तर लिंटेलखाली दोन-तीन इंचांची पत्र्याची पट्टी तात्पुरती लावून बघा. फरक पडला तर तोंड नळीच्या मानाने मोठं आहे.

लाकूड पावसाआधी फोडून छपराखाली रचलेलंच वापरा. ओल्या लाकडाची काजळी डांबरासारखी चिकटते आणि पुढे चिमणीतच पेट घेते. दिवाळीनंतर एकदा ब्रश फिरवा. काजळीचा थर एक सुताचा झाला असेल तर त्याआधीच. निखारे धगधगत असताना डॅम्पर बंद करून झोपू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, म्हणून त्या खोलीत त्याचा अलार्म बसवून घ्या.